कोरडी पडलेली कोल्हापुरी पुन्हा पायात आणताना

माळ्यावर, कपाटाच्या तळाशी किंवा गावाकडच्या घरात कधीतरी कोल्हापुरी चपलांचा जुना जोड सापडतो. पट्टा कडक झालेला, वेणीत धूळ बसलेली, टाचेपाशी पांढुरका थर. हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो, आणि पुष्कळ जुने कातडे तिथेच कायमचे बिघडते. कातड्याच्या निगेत तेल सगळ्यांत शेवटी येते आणि सगळ्यांत कमी लागते. खरा वेळ जातो तो कातडे ओळखण्यात, कोरडे झाडून घेण्यात आणि वाळायची वाट बघण्यात. ज्यांनी हे काम कधी केलेले नाही त्यांनी एवढे एक पक्के धरले, तरी निम्मी चप्पल वाचली.

उदाहरण कोल्हापुरीचे घेतले आहे, कारण तिचे कातडे उघडे असते. त्यावर प्लास्टिकचा किंवा रंगाचा जाड लेप नसतो, त्यामुळे चूक आणि सुधारणा दोन्ही लगेच दिसतात. झाडाच्या सालीने कमावलेल्या कातड्याची पिशवी, कमरेचा पट्टा, जुनी चामडी बॅग यांनाही हीच रीत लागू पडते.

आधी कातडे कोणते ते बघा

जनावराचे कातडे म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे. ते तसेच ठेवले तर ओले असताना कुजते आणि वाळल्यावर कडक होते. कमावताना त्या तंतूंना टॅनिनने, म्हणजे झाडांतल्या तुरट द्रव्याने, बांधून टाकतात, म्हणून ते कुजत नाही आणि लवचिक राहते. कोल्हापुरीच्या कातड्यासाठी हे टॅनिन परंपरेने बाभळीच्या सालीतून आणि हिरड्यातून येते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर, कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर.

दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची. अमेरिकेत १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी तिचे पेटंट घेतले. आज बाजारातले बहुतेक बूट, पाकिटे आणि पर्स याच पद्धतीच्या कातड्याच्या असतात. कापलेली कड नीट बघा. क्रोमच्या कातड्यात मधला भाग पुष्कळदा निळसर करडा दिसतो, तर सालीच्या कातड्यात आरपार तपकिरी. आतल्या बाजूला, सहज न दिसणाऱ्या जागी, पाण्याचा एक छोटा थेंब ठेवून बघा. सालीचे उघडे कातडे तो पटकन शोषते आणि तेवढी जागा गडद होते. क्रोमचे लेप दिलेले कातडे थेंब तसाच वर ठेवते. अशा कातड्याला खाली सांगितलेल्या तेलाची गरज नसते. झाडणे, ओलसर फडक्याने पुसणे आणि बूट-पर्ससाठी मिळणारे तयार क्रीम अगदी थोडे लावणे एवढे पुरते.

तिसरी गोष्ट म्हणजे कातडे नसलेलीच वस्तू. पापुद्रे सुटत असतील आणि पापुद्र्याखाली विणलेले कापड दिसत असेल, तर ते रेक्झीन किंवा पीयू, म्हणजे प्लास्टिकचा लेप दिलेले नकली कातडे आहे. दमट हवेने त्याचा लेप रासायनिक रीतीने तुटत जातो आणि कुठलेही तेल तो परत जोडत नाही. त्यावर मेहनत घालवू नका.

आणि एक इशारा, जो अशा लेखांत सहसा येत नाही. तबल्याची पुडी, ढोलकीचे पान, कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या छाया-बाहुल्या ही कमावलेली कातडी नव्हेत. ती केस काढून ताणून वाळवलेली कच्ची कातडी असतात. त्यांना पाणी लागले की आकार जातो, आणि तेल लागले की नाद किंवा पारदर्शकता जाते. या लेखातली एकही पायरी त्यांच्यावर करू नका.

हात लावण्याआधी दोन चाचण्या

पहिली चाचणी पांढऱ्या सुती फडक्याची. पट्ट्यावर कोरडे फडके हलकेच एकदा फिरवा. धूळ करडी निघते. लालसर तपकिरी भुकटी निघत असेल, पृष्ठभाग मखमली वाटत असेल आणि बोट लावताच पावडर सुटत असेल, तर ही कातड्याची लाल सड (इंग्रजीत रेड रॉट) आहे. कोळशाच्या धुराने आणि शहरी हवेने आलेला सल्फर डायऑक्साइड सालीच्या कातड्यात मुरतो, त्याचे सल्फ्युरिक आम्ल होते आणि तंतू आतून तुटतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पुस्तकांच्या चामडी बांधणीत हा रोग फार दिसतो. तो उलटवता येत नाही. अशा कातड्याला पाणी लावले तर ते काळे पडून ताठरते, तेल लावले तर चिखल होतो. जुन्या वस्तू जतन करणारे संवर्धक अशा ठिकाणी हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजचे अल्कोहोलमधले पातळ द्रावण वापरून भुकटी जागच्या जागी बसवतात, पण ते जपून ठेवायच्या वस्तूंसाठी. लाल सड लागलेली चप्पल पायात घालण्याजोगी उरलेली नसते. ती मऊ कागदात गुंडाळून आठवण म्हणून ठेवावी. घराण्यातली जुनी चामडी बांधणीची पोथी किंवा तलवारीचे म्यान असेल, तर घरी प्रयोग न करता संग्रहालयाच्या संवर्धन विभागाचा सल्ला घ्यावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असे केंद्र आहे.

दुसरी चाचणी पांढऱ्या थराची. प्रत्येक पांढरा थर बुरशी नसतो. पूर्वी कुणी भरपूर तेल पाजले असेल, तर त्यातली स्निग्धाम्ले वर येऊन थिजतात. केस वाळवायचे यंत्र सगळ्यांत मंद ठेवून, हातभर अंतरावरून चार-पाच सेकंद कोमट हवा द्या. थर विरघळून नाहीसा झाला तर तो तेलाचा. ऊब देऊनही जसाच्या तसा राहिला, गोल गोल ठिपक्यांत वाढलेला असला आणि कुबट वास आला, तर बुरशी. तेलाचा थर कोरड्या फडक्याने पुसून काढायचा आणि त्या चपलेला नवे तेल द्यायचेच नाही. तिला आधीच जास्त झालेले आहे.

बुरशी असेल तर

चप्पल घरातल्या इतर चपलांपासून आधी वेगळी करा. नाकावर मास्क लावा, बाहेर अंगणात किंवा गॅलरीत जा आणि मऊ ब्रशने बुरशी आपल्यापासून दूर झाडा. ओल्या फडक्याने सुरुवात केली तर बीजाणू कातड्याच्या छिद्रांत चोळले जातात. झाडून झाल्यावर दोन दिवस सावलीत, वारा खेळेल अशा जागी उघडी ठेवा. कडक उन्हाने बुरशी जाते हे खरे, पण त्याबरोबर कातडेही तडकते आणि रंग उडतो. वास राहिलाच, तर औषधाच्या दुकानात मिळणारे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन ओलसर बोळा वरवर टेकवावा. आधी आतल्या बाजूला करून बघा, कारण उघड्या कातड्यावर त्याचा डाग राहू शकतो. बुरशी लागलेला ब्रश धुऊन उन्हात वाळवा, नाहीतर पुढच्या चपलेला तुम्हीच बुरशी पेराल.

झाडणे

या पायरीला घाई करू नका. एक मऊ ब्रश पट्ट्यासाठी आणि एक जुना, केस मऊ झालेला दातांचा ब्रश वेणीसाठी घ्या. वेणीत नेहमी तिच्या विणीच्या दिशेनेच ब्रश चालवा. उलट दिशेने ओढला तर कोरड्या, बारीक पट्ट्या तुटतात. कान (पट्टा ज्याला जोडलेला असतो तो बाजूचा भाग) जिथे तळात शिरतो त्या फटीत वाळू साचलेली असते. चालताना तीच वाळू वादी, म्हणजे शिवणीची कातडी दोरी, कातरत राहते. ती बांबूच्या काडीच्या बोथट टोकाने हळूहळू बाहेर काढा. गोंडा असेल तर तो बोटांनी सुटा करा, ब्रश नको.

पुष्कळ जोड एवढ्यावरच निम्मे उजळतात. तसे झाले, कातडे हाताला मऊ लागत असले आणि डाग नसले, तर पुढची ओली पायरी गाळून थेट तेलाच्या भागाकडे गेलात तरी चालेल.

ओलसर पुसणे आणि वाळवणे

पाणी साधे नको. सोलापूर, मराठवाड्यासारख्या जड पाण्याच्या भागात तर नकोच, त्यातले क्षार वाळल्यावर पांढरे उमटतात. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी स्वस्तात मिळते, तेच घ्या. मलमलीचे फडके भिजवून घट्ट पिळा, इतके की दाबल्यावर थेंब पडू नये. एका जागी घासत बसू नका. पट्ट्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पूर्ण भाग सारखा ओलसर करा. अर्धाच ओला केला तर ओल्या-कोरड्याच्या सीमेवर गडद रेघ उमटते आणि ती निघत नाही. घामाचा मेणचट थर असेल तर पेलाभर पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब टाका. नंतर नुसत्या पाण्याच्या फडक्याने तो पुसून काढा.

कपड्यांचा साबण, भांड्यांचा साबण, खायचा सोडा यांपासून लांब राहा. सालीने कमावलेले कातडे आम्लधर्मी असते, त्याचा पीएच साधारण ३.५ ते ५. साबण आणि सोडा अल्कधर्मी. त्यांनी टॅनिन सुटते, कातडे काळवंडते आणि वाळल्यावर चिरते. लिंबू, व्हिनेगर, केळ्याची साल, कच्चे दूध हे उपायही फिरत असतात. लिंबाने रंग उडतो, आणि दूध व केळे मागे ठेवतात ते बुरशीचे अन्न.

वाळवणे सावलीत. ओल्या कातड्याचे तंतू ठरावीक तापमानाला आकसतात आणि ते आकसणे कायमचे असते. सालीच्या चांगल्या कातड्यात ही मर्यादा ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, जुन्या झिजलेल्या कातड्यात बरीच खाली येते. म्हणून गॅसजवळ, तापलेल्या गच्चीवर किंवा गाडीच्या बॉनेटवर चप्पल ठेवू नये. पट्ट्याखाली कोऱ्या कागदाची सैल गुंडाळी सरकवा, म्हणजे आकार धरून वाळेल. वर्तमानपत्राची शाई ओल्या कातड्यावर उतरते. एक ते दोन दिवस लागतात, पावसाळी हवेत जास्त.

चपटा झालेला पट्टा

जड सामानाखाली दबून पट्टा तळाला चिकटलेला असतो, तो कोरडाच उचलायला जाऊ नका. वळणावर चीर जाईल. झाकणाचा मोठा डबा घ्या, एका कोपऱ्यात वाटीत ओला स्पंज ठेवा, दुसऱ्या बाजूला जाळीवर चप्पल ठेवा आणि झाकण लावा. पाणी चपलेला कुठेही लागता कामा नये. पाच-सहा तासांनी कातडे हवेतली ओल घेऊन थोडे नरम पडते. मग बोटांनी हळूहळू पट्टा वर घ्या, कागदाची बारीक गुंडाळी घाला, डब्याबाहेर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी थोडी जाड गुंडाळी. एका दिवसात पूर्ण उंची गाठायची नाही. रात्रभराहून जास्त वेळ बंद डब्यात ठेवले तर बुरशीला आमंत्रण मिळते, हे विसरू नका.

आता तेल

कुठले तेल हा सगळ्यांचा पहिला प्रश्न, आणि इथे घरातली जवळची बाटली बहुधा चुकीची असते. काही तेले हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतात, चिकट होतात आणि शेवटी कडक पापुद्रा धरतात. हा कल आयोडीन मूल्यावरून कळतो: आकडा जितका मोठा, तितके तेल लवकर सुकते. जवसाच्या तेलाचे १७० च्या वर, करडईच्या तेलाचे १४० च्या आसपास, एरंडेलाचे ८५ च्या आसपास आणि खोबरेलाचे १० च्या आसपास. जवस म्हणजे रंगात, वॉर्निशात वापरायचे तेल, ते कातड्यात घालायचे नाही. करडई आणि सूर्यफूल काही महिन्यांत चिकट होतात आणि खवट वास मारू लागतात. खोबरेल सुकत नाही, पण २४ अंशांच्या खाली थिजते, म्हणून थंडीत पट्ट्यावर पांढरट दिसते. एरंडेल सुकत नाही, थिजत नाही, पण दाट असल्याने सावकाश मुरते. एरंडेल आणि खोबरेल निम्मे-निम्मे घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केले की काम चांगले होते. ऑनलाइन नीट्सफूट तेलही मिळते, ते गुरांच्या पायांच्या हाडांतून काढतात. उत्तम मुरते, पण रंग बराच गडद करते. व्हॅसलीन आणि फर्निचरचे पॉलिश वापरू नये. ते वर बसून धूळ धरतात.

संग्रहालयांनी जुन्या कातड्याला तेल लावणे जवळपास सोडून दिले आहे, कारण वर्षानुवर्षे साचलेले तेल स्वतःच सडते. पण पायात घालायची चप्पल रोज वाकते, आणि वाकताना तंतू एकमेकांवरून सरकायला थोडा स्निग्धपणा लागतोच. तो थोडाच द्यायचा, हे महत्त्वाचे.

एका चपलेला १० ते १२ थेंब. जोडाला मिळून पाव चमच्याच्या आसपास. तेल सरळ चपलेवर ओतू नका, फडक्यावर घ्या, फडके चुरगाळून तेल त्यात पसरू द्या आणि मग पट्ट्यावर गोल गोल फिरवा. शक्य तिथे पट्ट्याच्या आतल्या, खरबरीत बाजूने सुरुवात करा, तिकडून तेल चांगले शिरते. वेणीला फडक्यात उरलेला ओलावा पुरे. पाय ठेवायच्या जागेला तेल लावू नका. तिथे पाय घसरतो, आणि तळाच्या थरांमध्ये मुरलेले तेल चिकटवण सैल करते. कापशी या कोल्हापुरीच्या प्रकारात थरांमध्ये आवाजासाठी बिया घातलेल्या असतात, तिचा कर्र कर्र आवाज कोरडेपणाचा नाही. तो घालवण्यासाठी तळाला तेल पाजणे म्हणजे चपलेवर अन्याय.

कातडे तेल लावताच काळवंडेल. घाबरू नका, त्यातले काही एक-दोन दिवसांत उजळते, मात्र पूर्वीइतके फिके बहुधा होत नाही. म्हणूनच तेल आधी आतल्या बाजूला ठिपका लावून बघावे. चोवीस तास थांबा. कोरड्या फडक्याने वरचे तेल पुसा आणि पट्टा हलकेच वाकवून बघा. अजून ताठ असेल तर दुसरा हात, पहिल्याच्या निम्मा. तिसरा हात बहुतेक कधीच लागत नाही. जास्त तेलाने तंतू सैल होतात, पट्टा लांबतो, चप्पल पायातून निसटू लागते, आणि घातलेले तेल परत काढण्याची सोपी वाट नाही.

चमक हवी असेल तर मधमाशीचे मेण एक भाग आणि तेच तेल तीन भाग, पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून गार करा. थेट आंचेवर मेण पेट घेऊ शकते. चिमूटभर मेण बोटाच्या उबेने पसरवा, तासाभराने सुती कापडाने चोळा. रंगीत बूट पॉलिश नको, ते उघड्या कातड्यात ठिपक्या-ठिपक्यांनी शिरते आणि उन्हाळ्यात पायाला लागते.

दुरुस्ती आणि लोखंड

खऱ्या कोल्हापुरीत खिळा नसतो, सगळी शिवण कातड्याच्या वादीची असते. वादी तुटली की ती बदलायला कोल्हापुरी शिवणाऱ्या कारागिराकडे जावे. कोल्हापूरला जाणे होत असेल तर चप्पल लाईनला, म्हणजे तिथल्या चपलांच्या बाजारात, विचारा. त्यांना स्पष्ट सांगा: वादीच हवी, जुन्याच भोकांतून. नवी भोके पाडली तर जुने कातडे त्या ओळीवर फाटते. नायलॉनचा दोराही नको, तो मऊ कातडे कापत जातो. आणि लोखंडी खिळा तर मुळीच नको. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळाकुट्ट रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून जुन्या काळी पोथ्यांची काळी शाई करत, तीच क्रिया इथे होते. आधीच पडलेला असा डाग काढायच्या नादी लागू नये. तो तंतूंच्या आत असतो, आणि तो उठवणारी आम्ले कातड्याचेही नुकसान करतात.

पितळी बक्कल असलेल्या पट्ट्यावर हिरवा मेणचट थर दिसतो. कातड्यातले तेल आणि पितळातले तांबे यांचा तो संयोग. बांबूच्या काडीने खरवडा, कोरड्या फडक्याने पुसा, पितांबरीसारखी पावडर बक्कल सुटी करूनच वापरा.

घालणे आणि ठेवणे

पहिल्यांदा घराच्या आत अर्धा तास घाला. मग अंगठ्याच्या मुळाशी आणि कानाच्या वळणावर बारकाईने बघा. केसासारखी बारीक रेघ चालते. रेघ उघडून आतले तंतू दिसत असतील, तर ती जागा आतून पातळ कातड्याचा तुकडा लावून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. सुरुवातीला एक दिवस घाला, एक दिवस विश्रांती, म्हणजे पायाचा घाम पूर्ण वाळेल.

बुरशी साधारण ६५ टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत वाढते, आणि कोकणात किंवा पावसाळ्यातल्या कोल्हापुरात हवा आठवडेच्या आठवडे त्याच्या वर असते. मृगाच्या आधी चप्पल झाडून, पूर्ण वाळवून, जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी ओल आत कोंडते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर महिन्यातून एकदा त्या तापवून कोरड्या कराव्या लागतात. दर पंधरा दिवसांनी कापड उलगडून वास घ्या. कुबट आला तर त्याच दिवशी झाडा, उघड्यावर ठेवा. तेल वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, तेही पट्टा वाकवून कोरडा वाटला तरच.